यक्षाचं तळं नेमकं कुठलं?

प्रश्न : उत्तराखंडातल्या सारी गावाच्या वरचं देवरिया ताल हेच यक्षप्रश्नाचं तळं, असं तिथे जाऊन आलेला माझा भाचा छातीठोकपणे सांगतो. खरं का? आणि ६६व्या वर्षी मला तिथवर चढवेल का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आधी गुडघ्यांचं बघू. अजून सिंहगड पायी चढत असाल तर काळजी नको. सारीपासून तळं अडीच-तीन किलोमीटर, वाट दगडांनी बांधलेली. पण चढ गाव सुटताच सुरू होतो, आणि उंची २,४०० मीटरच्या आसपास, त्यामुळे धाप लवकर लागते. एप्रिलमध्ये गेलात तर बुरांस, म्हणजे तिकडचा ऱ्होडोडेंड्रॉन, लालभडक फुललेला मिळेल.

आता भाच्याचं. गढवालात कोणालाही विचारा, हेच ऐकाल: देव इथे आंघोळीला यायचे म्हणून देवरिया, आणि यक्षही इथलाच. महाभारतात मात्र ही कथा द्वैतवनातली. ब्राह्मणाची अरणी, म्हणजे घासून अग्नी पेटवायची लाकडं, हरणाच्या शिंगांत अडकून गेली, तिच्यामागे पाचही भाऊ धावले आणि तहानेने व्याकूळ झाले. पडताळायचं तर लॉ कॉलेज रोडपर्यंत जा. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतलं आरण्यकपर्व (संपादक वि. सी. सुखठणकर, १९४२) मागवा आणि शेवटून चाळा. शिवाय पाकिस्तानातल्या कटासराजच्या कुंडाबद्दलही लोक हेच सांगतात. भाच्याला हे जरा बेतानेच सांगा.

पण मी तिथे गेले होते, आणि त्या दिवसापासून हा वाद घालायचं सोडलं. वर पोचले तेव्हा बाटली कोरडी, टाळ्याला जीभ चिकटलेली. समोर हिरवट, संथ पाणी, भोवती गवत. वाकून ओंजळ भरली, तर मागून खेचरवाला ओरडला, "माताजी, ये पानी मत पीना!" गुरं उतरतात म्हणे त्यात. ओंजळ तशीच सोडून दिली. नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, चौघांनीही 'आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या' ही यक्षाची हाक ऐकली होती आणि तरी प्यायले! इतकी वर्षं मला ते उद्धट वाटायचे. तहान काय असते, ते पुण्यात बसून कळत नाही.

मुक्काम करा. चौखंबा शिखर पाण्यात उतरतं ते पहाटेच. वारा सुटला की शिखरं विस्कटतात. आणि पाणी दोन बाटल्या न्या.