वाचकांचे प्रश्न: चुंबकीय वादळात होकायंत्र का हललं नाही?

प्रश्न: 10-11 मे 2024 च्या चुंबकीय वादळात गंगापूर धरणावर होकायंत्र धरून बसलो होतो. काटा जागचा हलला नाही. वादळ नाशिकपर्यंत पोहोचलंच नाही का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: पोहोचलं होतं. चुंबकीय वादळ म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांच्या झोतामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उडालेली खळबळ. अशा वादळात पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर काही दशसहस्र किलोमीटरवर, विद्युतभारित कणांचा प्रवाह पश्चिमेकडे वाहतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे दक्षिणेला रोखलेलं असतं, म्हणून पृथ्वीचं उत्तरेकडचं क्षेत्र नुसतं कमी होतं, दिशा जवळपास तीच राहते. काटा दाखवतो दिशा. मग तो हलेल कशाला? नाशिकला क्षेत्राचा आडवा, म्हणजे जमिनीला समांतर भाग सुमारे 38,000 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). त्या वादळातली घट साधारण 400, म्हणजे जेमतेम एक टक्का.

ती पाहायची तर छोटा चुंबक रेशमाच्या एकेरी धाग्याला टांगा, त्याला आरशाचा तुकडा चिकटवा. पूर्व-पश्चिम ठेवलेला दुसरा चुंबक हळूहळू जवळ आणा, पहिला 45 अंश वळला की थांबा. आता तो पृथ्वी आणि दुसरा चुंबक यांच्या ओढाताणीत तोलला आहे; पृथ्वीचं क्षेत्र घटलं की तो आणखी वळतो. आरशावर लेझर सोडा. तीन मीटरवरच्या भिंतीवर अशा वादळात ठिपका सुमारे 3 सेंटिमीटर सरकेल.

फसगत होते ती तापमानाने. फेराइट चुंबकाची (साधा काळा चुंबक) ताकद तापमानाच्या अंशामागे 0.2 टक्के बदलते. रात्री खोली पाच अंश गार झाली की दुसरा चुंबक बळावतो आणि ठिपका नेमका वादळासारखाच सरकतो! म्हणून त्या चुंबकाशेजारी थर्मामीटर हवाच. लोखंडी खाट, मोटारसायकल लांब ठेवा. ठिपका कधी किती सरकला त्याचा आलेख काढा आणि अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या नोंदींशी ताडून पाहा.