आराखड्यात कोर्स किती घालावेत?

प्रश्न : पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी पीएसएम (सामुदायिक आरोग्य) विभागात सहायक प्राध्यापक आहे. क्षयाबरोबर मधुमेहही असलेल्या रुग्णांचे उपचार मध्येच का सुटतात, या विषयासाठी अमेरिकेच्या एनआयएचकडे (राष्ट्रीय आरोग्य संस्था) के४३ या, मार्गदर्शकाच्या (मेंटॉरच्या) हाताखाली संशोधन शिकण्यासाठीच्या ग्रँटचा अर्ज तयार करते आहे. त्यातल्या करिअर डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये, म्हणजे पुढच्या शिक्षणाच्या आराखड्यात, अकरा कोर्स लिहिले, तर मेंटॉरनी ‘ही किराणा मालाची यादी झाली’ म्हणून परत पाठवला. चुकलं काय?

उत्तर : मेंटॉरचं बरोबर आहे. अकरा कोर्स पाहिले की परीक्षकाला वाटतं, उमेदवाराला एक तर काहीच येत नाही, किंवा नेमकं काय येत नाही तेच तिला ठाऊक नाही. के४३सारख्या के-ग्रँटच्या छाननीत उमेदवार, करिअर आराखडा, संशोधन आराखडा, मेंटॉर आणि संस्थेतलं वातावरण असे पाच निकष असतात. प्रत्येकाला वेगळा गुण मिळतो; १ सर्वांत चांगला, ९ सर्वांत वाईट. संशोधन उत्तम आहे म्हणून ढिल्या आराखड्याकडे कुणी डोळेझाक करत नाही.

कोर्स बाजूला ठेवा आणि संशोधनाच्या उद्दिष्टांकडून उलटं चालत या. समजा, पहिल्या उद्दिष्टात रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून दरमहा साखर आणि गोळ्यांची नोंद घ्यायची आहे. एकाच माणसाच्या बारा नोंदी एकमेकींशी बांधलेल्या असतात, त्यामुळे एमडीच्या प्रबंधातली काय-स्क्वेअर चाचणी इथे कामाची नाही. अशा बांधलेल्या नोंदी हाताळणारी ‘मिक्स्ड मॉडेल’ ही संख्याशास्त्रीय पद्धत यावी लागेल. ही झाली पहिली उणीव. दुसरं उद्दिष्ट मुलाखतींचं असेल तर गुणात्मक विश्लेषण ही दुसरी. तिसऱ्यात दवाखान्यात उपाय राबवून पाहायचा असेल तर अंमलबजावणीचं शास्त्र (उपाय प्रत्यक्षात कसा रुजवायचा याचा अभ्यास) ही तिसरी. चौथी जागा ग्रँटलेखनाला द्या आणि थांबा.

आता प्रत्येक उणिवेपुढे लिहा: कोण शिकवणार, कुठे, किती तास, कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत, आणि शेवटी हातात काय पडणार. हे शेवटचंच बहुतेक अर्जांत गळतं. ‘कोर्स पूर्ण होईल’ हे काही फळ नव्हे. ‘दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पहिल्या उद्दिष्टाचा शोधनिबंध, विश्लेषण स्वतः केलेलं’ असं लिहिलं तर ते मोजता येतं.

तारखा संशोधनाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून तपासा. विश्लेषण दुसऱ्या वर्षी आणि त्याचा कोर्स तिसऱ्या वर्षी, ही चूक फार दिसते, कारण दोन्ही भाग वेगवेगळ्या दिवशी लिहिलेले असतात. उलट फार आधी शिकलं तर विसरायला होतं. म्हणून कोर्स संपल्याबरोबर सरावासाठी स्वतःचा जुना किंवा पायलट (छोट्या चाचणी-अभ्यासाचा) डेटा घ्या, आणि तसं लिहाही.

परदेशी कोर्स जपून निवडा. गुणात्मक विश्लेषणाची पद्धत अमेरिकेतल्या कोर्समध्ये शिकता येईल, पण तुमच्या मुलाखती हडपसर-येरवड्यात मराठीत होणार. ‘गोळ्या चालू आहेत की’ या वाक्यातला ‘की’ इंग्रजी भाषांतरात कुठे जातो? कोडिंगचा, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना विषयवार खुणा देण्याचा, सराव मूळ मराठी उताऱ्यावर, मराठी जाणणाऱ्या मेंटॉरबरोबर होईल असं स्पष्ट लिहा. संख्याशास्त्रासाठीही आधी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात काय मिळतं ते बघा. पुण्यात मिळणाऱ्या गोष्टीसाठी विमानाचं तिकीट मागितलं, तर परीक्षक कारण विचारणारच.

मग एक कसोटी लावा. कोर्स खोडला तरी संशोधन तसंच पुढे जातं का? जात असेल तर तो शोभेचा होता. तुमच्या अकरांपैकी सात यातच गळतील असा अंदाज आहे.

शेवटचं वर्ष मोकळं सोडू नका. पुढच्या स्वतंत्र ग्रँटचा अर्ज चौथ्या वर्षीच दाखवा. अर्ज केल्यापासून पैसे हाती येईपर्यंत नऊ-दहा महिने सहज जातात.

जागेचं म्हणाल तर उमेदवाराची माहिती, करिअर आराखडा आणि संशोधन पद्धती मिळून १२ पानं मिळतात. पहिल्या दोन्हींना मिळून पाच पानं दिली तर बरं. ‘लहानपणापासून संशोधनाची आवड’ हा परिच्छेद काढलात की अर्धं पान तिथेच सुटतं.

प्रश्न : ग्रँटसाठी ७५ टक्के वेळ द्यावा लागतो म्हणे. ओपीडी, एमबीबीएसची प्रॅक्टिकल्स, परीक्षेच्या ड्युट्या हे सगळं सांभाळून हे जमणार कसं?

उत्तर : सांभाळून जमणार नाही, त्यातलं काही सोडावंच लागेल. ७५ टक्के म्हणजे वर्षातले ९ महिने. आठवडा ४८ तासांचा धरला तर ३६ तास ग्रँटचे. ओपीडी, शिकवणं आणि परीक्षा यांना मिळून उरतात १२. पहिल्या वर्षी ३६ पैकी १५-१६ तास प्रशिक्षणाला दाखवा आणि पाचव्या वर्षापर्यंत ते चारावर आणा. पाचही वर्षं तेच आकडे असतील तर उमेदवार स्वतंत्र होताना दिसत नाही.

हे १२ तास डीनच्या सहीच्या पत्रात उतरले पाहिजेत. संस्थेचं हमीपत्र एका पानाचं असतं. त्यात ‘सर्वतोपरी सहकार्य’ नको. कोणती ओपीडी कमी होणार, तुमचे तास कोण घेणार, बसायला जागा कुठे, हे हवं. तुमची नेमणूक ग्रँट मिळण्यावर अवलंबून नाही, हेही. असं पत्र हाताशी येईपर्यंत दोन-तीन फेऱ्या होतात, तेव्हा मसुदा तुम्हीच करून न्या.

प्रश्न : माझे एक मेंटॉर अमेरिकेत, एक पुण्यात. दोघांची पत्रं मीच लिहून देऊ का? आणि शिफारसपत्रही त्यांचंच चालेल?

उत्तर : शिफारसपत्र चालणार नाही. शिफारसपत्रं तीन ते पाच लागतात, मेंटॉरची त्यांत धरत नाहीत. ती देणाऱ्यानेच ई-आरए कॉमन्स या एनआयएचच्या ऑनलाइन प्रणालीवर अर्जाच्या मुदतीपर्यंत चढवायची असतात. त्यासाठी त्यांना तुमचा कॉमन्स आयडी आणि ग्रँटच्या जाहिरातीचा क्रमांक आठवडाभर आधी पाठवा.

मेंटॉरच्या निवेदनांना मिळून सहा पानं असतात. कच्चे मुद्दे तुम्ही द्यावेत, भाषा त्यांची असू द्यावी. दोन्ही पत्रांत तेच वाक्य दिसलं की परीक्षक ओळखतो. मात्र आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत: तुम्ही ‘दर आठवड्याला भेट’ म्हणता आणि त्यांचं पत्र ‘महिन्यातून एकदा’ म्हणतं, हा विसंवाद दोघांनाही महाग पडतो. कोणती उणीव कोण भरणार, हे वाटून घ्या. दोघेही क्षयतज्ज्ञ असतील तर संख्याशास्त्राचा तिसरा माणूस जोडा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असतील तर आपल्या संध्याकाळच्या साडेसहाला तिथे हिवाळ्यात आठ, उन्हाळ्यात नऊ वाजतात; भेटीची वेळ तशी ठरवा.

प्रश्न : संशोधन-नीतीच्या प्रशिक्षणासाठी ऑनलाइन सर्टिफिकेट पुरेल का?

उत्तर : केवळ तेवढं नाही. त्यासाठी वेगळं एक पान असतं आणि त्यात स्वरूप, विषय, शिक्षकांचा सहभाग, कालावधी आणि किती वेळा, हे पाचही मुद्दे यावे लागतात. एकूण किमान आठ तास संपर्काचे हवेत, त्यांत समोरासमोरची चर्चा हवी. यातला एखादा मुद्दा राहिला तरी परीक्षक हे प्रशिक्षण ‘अमान्य’ ठरवू शकतात, आणि ते दुरुस्त होईपर्यंत पैसे अडकतात.