अ‍ॅप टिकत नाही म्हणजे माझ्यातच शिस्त नाही का?

“मॅडम, पाच अ‍ॅप टाकून बघितली. दहा-बारा दिवसांच्या पुढे एकही टिकलं नाही. माझ्यातच शिस्त नाही.” व्हीलचेअर वापरणाऱ्या चौतीस वर्षांच्या एका गृहस्थांचं पहिल्या भेटीतलं हे वाक्य. अपंगत्व असलेल्या आणि तब्येतीसाठी मोबाइलची मदत घेऊ पाहणाऱ्या अनेकांची हीच तक्रार असते. म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव मांडत आहे.

तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात त्यांच्या मणक्याला इजा झाली. पातळी डी-१० (पाठीच्या भागातला दहावा मणका), म्हणजे साधारण बेंबीच्या खाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. हात चांगले चालतात. लघवी ठरावीक तासांनी स्वतः कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून काढावी लागते. दवाखान्यात याला सीआयसी म्हणतात. घरी आई सगळं बघते.

त्यांचा फोन दोघांनी मिळून पाहिला. एका अ‍ॅपचं रोजचं उद्दिष्ट १०,००० पावलं होतं आणि दिसणारा आकडा कधी ६०, कधी १४०. मांडीवर ठेवलेल्या फोनला बसलेले धक्केच ते पावलं म्हणून मोजत होतं. वर दर तासाला ‘उठा, जरा चाला’ असा निरोप. दुसरं अ‍ॅप वय, उंची आणि वजनावरून चालत्या माणसाचा उष्मांकांचा हिशेब मांडत होतं. मणक्याच्या इजेनंतर कमरेखालचे स्नायू झिजतात, शरीराला विश्रांतीत लागणारी ऊर्जा घटते, त्यामुळे हे अ‍ॅप त्यांना गरजेपेक्षा जास्त खायला सांगत होतं. बीएमआयचंही, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याचंही, तसंच. अशा इजेत २२ च्या पुढेच चरबी जास्त असण्याची शक्यता धरावी असं संशोधक सुचवतात, आणि अ‍ॅप २४.९ पर्यंत हिरवा रंग दाखवतं. दुसऱ्याच्या मापाचा सदरा बसला नाही म्हणून कुणी स्वतःच्या खांद्यांना दोष देत नाही. हे गृहस्थ मात्र तीन वर्षं तेच करत होते.

पाचही अ‍ॅप काढून टाकली आणि मग विचारलं, काय साधायचं आहे? “फिट व्हायचंय.” फिट झाल्यावर सकाळी दहा वाजता कुठे असाल? बऱ्याच वेळाने उत्तर आलं, “दाजींच्या दुकानात.” दाजींचं तालुक्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे आणि कॉम्प्युटरवर यांचा हात चांगला बसलेला आहे. मग अडतं कुठे? एका लग्नात चारचौघांत कपडे ओले झाले होते, तेव्हापासून ते कुठे जात नव्हते. अ‍ॅपचा प्रश्न इथे येऊन थांबला, आणि पुढच्या दोन भेटी याच एका गोष्टीवर गेल्या. इतक्या वर्षांची लाज आधी बोलून मोकळी झाली नाही तर कुठलीही नोंदवही दोन दिवसांत कोरी राहते.

त्यानंतर त्यांच्याच शब्दांत पाच पायऱ्या लिहिल्या. थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी १९६८ साली मांडलेली ही पद्धत पुनर्वसनात आजही वापरतात. उणे २ म्हणजे आजची स्थिती, दुकानात अजिबात जाणं नाही. उणे १ म्हणजे आठवड्यातून तीन दिवस दोन तास. शून्य म्हणजे ठरवलेलं ध्येय, तीन दिवस चार-चार तास, मुदत बारा आठवडे. अधिक १ म्हणजे पाच दिवस चार तास. अधिक २ म्हणजे सकाळी दुकान स्वतः उघडणं. शून्याची पायरी बाराव्या आठवड्यात खरोखर गाठता येईल अशीच ठेवायची. लोक उत्साहाच्या भरात अधिक २ लाच ध्येय म्हणतात आणि महिन्याभरात खचतात.

मोजायच्या गोष्टी मग आपोआप ठरल्या. पहिली लघवीची. तीन दिवस नोंद ठेवायची: किती वाजता किती मिली प्यायलो, किती वाजता किती मिली काढली. काढलेली लघवी मोजायला खुणा असलेलं प्लॅस्टिकचं भांडं पुरतं. सीआयसी साधारण दर चार ते सहा तासांनी करतात आणि एका वेळची लघवी ५०० मिलीच्या आत राहावी असं पाहतात. त्यांच्या नोंदीत सकाळी नऊनंतरचा आकडा ६५० च्या आसपास येत होता, कारण निघण्याआधी दोन कप चहा आणि तांब्याभर पाणी. पाणी कमी करून चालत नाही, संसर्ग आणि खडे होतात. त्यांच्या डॉक्टरांना नोंद दाखवून तेच पाणी दिवसभरात वाटून घेतलं आणि एक वेळ साडेदहाला वाढवली. दुकानात ओलं होणं थांबलं ते यामुळे.

दुसरी गोष्ट बेडसोअर, म्हणजे सतत दाबाने कातडीला होणारी जखम, टाळण्याची. दर वीस-तीस मिनिटांनी बसकेवरचा भार उतरवायचा. हातांवर उचलून दहा-पंधरा सेकंद धरणं पुरत नाही; दबलेल्या कातडीत रक्त नीट परतायला दोन मिनिटांच्या आसपास लागतात. शिवाय उचलण्याने खांदे झिजतात. त्यापेक्षा चाकांचे ब्रेक लावून कोपरं गुडघ्यांवर टेकवत पुढे वाकायचं. सकाळ-संध्याकाळ आरशाने माकडहाड आणि बसकेची हाडं बघायची. भार काढल्यावर अर्ध्या तासातही लाली गेली नाही, तर त्या जागेवर बसायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं.

आठवणीसाठी फोनमधलं साधं घड्याळ आणि एक छोटं नोंदीचं अ‍ॅप घेतलं. तरी दुसऱ्याच आठवड्यात घोळ झाला. गिऱ्हाइकांसमोर आवाज नको म्हणून फोन थरथरण्यावर ठेवला, आणि ठेवला मांडीवर, जिथे संवेदना नाही. तो आता छातीच्या खिशात असतो. (चार्जिंगला लावलेला गरम फोन बधिर मांडीवर कधीच ठेवू नये. चटका बसल्याचं कळत नाही आणि ती जखम भरायला महिने लागतात.) मग नोंदीच्या अ‍ॅपची सूचना अधूनमधून येईना. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अ‍ॅप झोपवतात. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या पानावर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडल्यावर ती नियमित झाली. तिसरी अडचण माणसाची: दर वीस मिनिटांचा गजर ऐकून कंटाळा येतो आणि बोट न बघताच तो बंद करतं. म्हणून वाकणं कामाला बांधलं. एक फॉर्म सबमिट झाला की प्रिंट निघेपर्यंत पुढे वाकायचं. गजर फक्त अर्ध्या तासाचा, राखणीला.

सलग दिवसांची साखळी मोजणारी अ‍ॅप आम्ही मुद्दाम टाळतो. यांची अकरा दिवसांची साखळी पूर्वी लघवीच्या संसर्गाने आलेल्या तापात तुटली होती आणि त्या दिवशीच ते अ‍ॅप सुटलं. आता आठवडा मोजतात, आणि आजारपणाचे दिवस वेगळे लिहितात, चुकलेले म्हणून नाही.

व्यायामाचं विचारलं तेव्हा त्यांना चाकाला दिलेले रेटे मोजणारं घड्याळ हवं होतं. अ‍ॅपलच्या घड्याळात २०१६ पासून व्हीलचेअरची सोय आहे आणि ‘उभे राहा’ऐवजी फिरण्याची आठवण येते, हे चांगलंच आहे. पण रेट्यांचा आकडा वाढवणं हे ध्येय करू नका. व्हीलचेअर वापरणाऱ्यांचे खांदे याच आवर्तनांनी दुखावतात. लांब, संथ आणि कमी रेट्यांत तेवढंच अंतर कापणं बरं. मणक्याच्या इजेसाठी सुचवलेली किमान मात्रा आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं दम लागेलसा व्यायाम आणि दोनदा ताकदीचे व्यायाम, काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या स्नायूगटाचे तीन-तीन सेट. इजा डी-६ किंवा त्याहून वर असेल तर घड्याळातल्या नाडीच्या लक्ष्यावर विसंबू नये, कारण अशा इजेत नाडी फारशी चढत नाही. बोलता येतं पण गाता येत नाही, इतका दम पुरे. अशांना अचानक डोकं ठणकून घाम फुटला तर आधी ताठ बसवून कॅथेटर आणि मूत्राशय तपासायचं, रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. लगेच उतरला नाही तर तडक दवाखाना गाठायचा.

दुकानाच्या दोन पायऱ्यांवर मात्र कुठल्याच अ‍ॅपकडे उत्तर नव्हतं. उंची एक फूट, म्हणजे एकास बारा या प्रमाणात बारा फुटांचा उतार हवा. दाजींनी सहा फुटांची फळी टाकली होती, ती चढताना खुर्ची मागे उलटण्याची भीती होती. सुताराकडून बारा फुटांची, कडांना पट्टी असलेली फळी करून घेतली.

एक बोलणं आईशीही झालं. फोन घरात सगळ्यांच्या हातात असायचा आणि लघवीची नोंद सगळे वाचायचे. अ‍ॅपला कुलूप लावलं. आईला फक्त दुकानाचे तास दिसतात, तेही त्यांनी स्वतः दाखवले तर. गजराच्या अ‍ॅपने संपर्क किंवा ठिकाण मागितलं तर ते नाकारायचं, हेही ठरलं.

बाराव्या आठवड्यात शून्याची पायरी आली, मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार तास. अधिक १ उन्हाळा संपल्यावर, असं त्यांनीच ठरवलं. उन्हाळ्यात घामाने ओली राहणारी कातडी लवकर सोलवटते, हे कारणही त्यांनीच सांगितलं.