पाडलेली चावडी आणि भोपाळची घरे

प्रश्न : वडिलांना आणि १० वर्षांच्या मुलीला घेऊन भोपाळचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय पाहण्याचा विचार आहे. वडिलांचे बालपण मावळातील एका खेड्यात गेले. तेथील जुनी चावडी आता पाडली गेली आहे. या संग्रहालयात निरनिराळ्या समाजांची पारंपरिक घरे मूळ गावापासून दूर, उघड्यावर उभारली आहेत. अशा इमारतींना खऱ्या म्हणता येईल का, आणि त्या कशा पाहाव्यात?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपण कोथरूडचे आहात, म्हणून प्रथम तिथलेच उदाहरण देतो. कोथरूडचा मस्तानी महाल तेथून उतरवून राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभा करण्यात आला आहे. भोपाळला निघण्यापूर्वी तो मुलीला अवश्य दाखवा.

स्टॉकहोमच्या स्कान्सेन या १८९१ मध्ये सुरू झालेल्या खुल्या संग्रहालयात सेग्लोरा गावचे १७३० मधील लाकडी चर्च असेच आणून ठेवले आहे. लाकडी इमारत सांध्यांपाशी उकलते, त्यामुळे खांब, तुळया आणि वासे यांवर खुणा करून ती दुसरीकडे जुळवता येते. मातीची भिंत मात्र उकलू गेल्यास ढासळते. भोपाळला त्या त्या समाजातील माणसांनीच येऊन आपल्या रीतीने घरे बांधली आहेत, आणि माझ्या मते त्यामुळे त्यांचे खरेपण उणे होत नाही, कारण कुडाची भिंत आणि गवताचे छप्पर गावातही काही वर्षांनी नवे करावेच लागते.

संग्रहालयाचा परिसर सुमारे २०० एकरांचा, तोही टेकडीवरचा आहे. वडील सोबत असताना सर्व काही पाहण्याचा हट्ट धरू नये. बस्तरमधील मुरिया समाजाच्या घोटुलापाशी, म्हणजे अविवाहित मुलामुलींच्या सामाईक घरापाशी, निवांत वेळ द्यावा. सार्वजनिक इमारतीचे मर्म तिच्या वापरात असते, आणि ते माहितीफलकावरून फारसे उमगत नाही. तिथेच वडिलांना गावच्या चावडीविषयी विचारावे : पाटील कोठे बसत, वहाणा कोठे उतरवीत, दवंडीपूर्वी कोण जमत असे, आणि कोणाला पायरीखालीच उभे राहावे लागे. हा शेवटचा प्रश्न मुलीसमोर विचारण्यास संकोच करू नये. वडील सांगतील तसा चावडीचा नकाशा तिने वहीत काढावा, आणि किती खणांची चावडी होती तेही लिहून ठेवावे.

संग्रहालय सोमवारी बंद असते. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जाणार असल्यास आरक्षण त्या हिशेबाने करावे.