दोन स्वल्पविरामांमधलं काहीच नाही

प्रश्न : नोकरीला लागून मला दीड वर्ष झालं. आमच्या सी-मधल्या जुन्या कोडात स्ट्रिंगचे तुकडे करणारं साठेक ओळींचं एक फंक्शन आहे. एका सीनियरनी त्यात 'स्ट्रटोक' (सी-मधलं स्ट्रिंग तोडणारं तयार फंक्शन) वापरून ते पंधरा ओळींवर आणलं आणि रिव्ह्यू माझ्याकडे पाठवला. टेस्ट सगळ्या पास आहेत, कोड नीटनेटका आहे. तरी अप्रूव्ह करायला हात धजत नाही. नेमकं काय बघू? आणि चूक सापडलीच तर सीनियरना सांगू कशी? (नाव छापू नये.)

उत्तर : हात धजत नाही ना, मग थांबा. डिफ (कोडात काय बदललं ते दाखवणारी यादी) बाजूला ठेवा आणि कागदावर चार इनपुट लिहा : 'अ,ब', मग 'अ,,ब', मग ',अ,' आणि चौथी रिकामी स्ट्रिंग. प्रत्येकापुढे मांडा, जुनं फंक्शन किती तुकडे द्यायचं आणि नवं किती देतं. लागोपाठ आलेले डिलिमिटर (तुकडे पाडणारी चिन्हं, इथे स्वल्पविराम) स्ट्रटोक एकच धरतं, सुरुवातीचे आणि शेवटचे तर गिळूनच टाकतं. त्याचे आकडे येतील २, २, १, ०. जुनं फंक्शन रिकामे रकाने जपत असेल, तर त्याचे २, ३, ३, १. म्हणजे दोघांचं जमतं ते फक्त पहिल्या इनपुटवर, आणि तुमच्या टेस्टही बहुधा तसल्याच असणार. नाव, फोन, पत्ता अशा ओळीत फोन रिकामा असला की पत्ता गुपचूप फोनच्या रकान्यात जाऊन बसेल. ना एरर, ना क्रॅश.

आता माझीच फजिती सांगते. असाच एक पॅच मी तीनदा वाचून मंजूर केला होता. फंक्शनमध्ये खरंच खोट नव्हती. पण ते ज्या लूपमधून बोलावलं जायचं, तो लूपही स्ट्रटोकनेच फाइलच्या ओळी पाडत होता. स्ट्रटोक आपण कुठवर आलो याची खूण स्वतःपाशीच ठेवतं, आणि ती एकच असते. आतल्याने स्वल्पविराम मोजता मोजता बाहेरच्याची खूण पुसली, आणि बाहेरचा लूप पहिल्याच ओळीनंतर आटोपला. शेकडो ओळींपैकी एक ओळ आत गेली आणि प्रोग्रॅमने 'काम यशस्वी' असं छापलं! तो लूप डिफमध्ये नव्हताच, मग दिसणार कुठून? तेव्हापासून मी आधी ग्रेप करून, म्हणजे सगळ्या कोडात नाव शोधून, हे फंक्शन कोण कोण बोलावतं ते बघते, मग पॅच उघडते. 'स्ट्रटोक_आर'मध्ये ही खूण बोलावणाऱ्याच्या हातात राहते, तेवढा बदल तरी मागाच. (मायक्रोसॉफ्टचं 'स्ट्रटोक_एस' तीन आर्ग्युमेंट घेतं आणि सी११च्या परिशिष्टातलं त्याच नावाचं फंक्शन चार. नावं ठेवणाऱ्यांना नावं ठेवावीत तेवढी थोडी.)

हेडर फाइलही बघा. स्ट्रटोक डिलिमिटरच्या जागी शून्य बाइट लिहून मूळ स्ट्रिंगच कापतं. तेव्हा पॅरामीटरवरचा 'कॉन्स्ट' (यात बदल करणार नाही, ही हमी) गायब झालाय का, की कास्ट करून कंपायलरचं तोंड बंद केलंय? कुणी थेट स्ट्रिंग लिटरल (कोडातच अवतरणात लिहिलेला मजकूर) पाठवत असेल, तर काय होईल याची सी भाषा हमीच देत नाही.

दुसरं आर्ग्युमेंट हा सुट्या बाइटचा संच असतो, हे अनुभवी लोकही विसरतात. '::' दिलं म्हणून जोड-कोलनवर तुटत नाही, एकेका कोलनवर तुटतं. पूर्णविरामाचा दंड (।) देऊन बघा, गंमत कळेल. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) दंडाचे तीन बाइट असतात, आणि आपल्या प्रत्येक अक्षराचे पहिले दोन बाइट त्या तिनांतलेच निघतात. मजकुराच्या चिंध्या होतात. 'त' आणि 'थ' तर समूळ नाहीसे!

रिकाम्या रकान्यांचा मुद्दा काढलात की सीनियर बहुधा म्हणतील, 'मग स्ट्रसेप घेऊ.' घेऊ दे. ४.४बीएसडी या युनिक्सच्या प्रकारातून आलेलं हे फंक्शन त्याचसाठी आहे, आकडेही २, ३, ३, १ असेच येतील. सी-च्या मानकात ते नाही, एवढं ध्यानात असू द्या. पण खरी मेख पुढे आहे. ते तुम्ही दिलेला पॉइंटरच (स्ट्रिंग मेमरीत कुठे आहे ते दाखवणारा) पुढे सरकवतं आणि शेवटी नल, म्हणजे कुठेच न दाखवणारा, करून ठेवतं. कॉपी काढून तोच पॉइंटर दिला आणि शेवटी तोच फ्री केला, तर फ्री होतो नल. सी त्यावर चकार शब्द काढत नाही आणि मेमरी दर वेळी लीक होत राहते. कॉपीची सुरुवात वेगळ्या पॉइंटरमध्ये जपलीय का बघा, आणि एकदा मेमरीच्या चुका पकडणाऱ्या व्हॅल्ग्रिंडखाली चालवा.

सांगायचं कसं? 'हे चुकलंय' असं लिहू नका. लिहा : "'अ,,ब' दिल्यावर आधी तीन तुकडे यायचे, आता दोन येतात. हे मुद्दाम केलंय का?" सोबत तेवढी टेस्ट जोडा. उत्तर 'हो' असंही येऊ शकतं. वाक्यातले शब्द सुटे करायचे असतील तर दोन स्पेस एक धरणंच योग्य. मग तसं फंक्शनच्या वर कॉमेंटमध्ये लिहून मागा. व्हेरिएबलच्या नावांवरचे शेरे मात्र या फेरीत राहू द्या, आधी या चार आकड्यांचा निकाल लागू दे.