धाकटी घरीच असते

पत्र, थोडं कापून: “मी ५४ वर्षांचा, पणजीत सरकारी नोकरीला. घर फोंडा तालुक्यात, मागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. आई ७९ वर्षांची. चार वर्षांपूर्वी तिला बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात दाखवलं, अल्झायमर निघाला. आता दिवस कलला की ‘घरी जाऊया’ म्हणत पिशवी भरते आणि पायरीवर येऊन बसते. पिशवीत फणी, देवघरातली घंटा आणि दोन-चार सुपाऱ्या. रात्री उठून फिरते. एकदा मध्यरात्री कुळागरात पाटाच्या कडेला सापडली. मात्र जाईचे गजरे अजून बिनचूक करते. दिवसासाठी ठेवलेल्या दोन बायका सोडून गेल्या. पत्नी शिक्षिका आहे. धाकटी यंदा घरीच असते, त्यामुळे दिवसाचं तसं निभावतं. ती आजीला काहीबाही सांगून आत आणते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीचं एक केंद्र मी बार्देशात पाहून आलो, फॉर्मही आणला, तो ड्रॉवरमध्ये पडून आहे. पुण्याची ताई म्हणते, ‘आईला आश्रमात टाकलंस तर त्या घराची पायरी चढणार नाही.’ ती चवथीला आली होती तेव्हा आई अगदी शहाण्यासारखी वागली. मी आईचा गुन्हेगार ठरेन का?”

तुमचा गुन्हा आणि तुमची ताई, दोन्ही जरा थांबू देत. तुमच्या धाकटीचं बोलू.

पत्रात तुमचं वय आहे, आईचं आहे, पिशवीतल्या सुपाऱ्यासुद्धा आहेत. या मुलीचं वय नाही, नाव नाही, ती काय शिकत होती तेही नाही. कॉलेजात असायला हवी ती मुलगी वर्षभर घरी बसली आहे, असा मी अर्थ काढते. चुकत असेन तर कळवा. पण मला नाही वाटत मी चुकतेय.

म्हणजे तुमच्या घरात आईला कोण सांभाळतं? तुम्ही पणजीला, पत्नी शाळेत, ताई पुण्यात. सांभाळते ती पोरगी. तिला कोणी ‘राहशील का’ असं विचारलं होतं, हे पत्रातून दिसत नाही. धाकटी मुलगी नसून मुलगा असता तर त्याला घरी बसवला असता का? उत्तर मला पाठवू नका.

शिवाय ‘काहीबाही सांगून आत आणते’ असं तुम्ही किती सहज लिहून टाकलंत! अहो, या कामातलं मोठं कौशल्य तेच. अल्झायमरच्या माणसाला ‘हेच तुझं घर, विसरलीस का?’ असं म्हणून वाद घालायचा नसतो. तिच्या भीतीला हो म्हणायचं, हात धरायचा आणि मन अलगद दुसरीकडे वळवायचं, हे प्रशिक्षित सेविकांना मुद्दाम शिकवावं लागतं. तुमची मुलगी ते कोणी न शिकवता करते आहे, एकटीने, रोज. पण एकट्या माणसाने किती दिवस करायचं?

संध्याकाळीच आईचं का बिनसतं, हे कोणी तुम्हाला समजावलेलं दिसत नाही. उजेड उतरतो, सावल्या लांबतात, मेंदू दिवसभराने थकलेला असतो, त्यातच या आजारात शरीराचं घड्याळ बिघडलेलं. मग घाबरणं, येरझाऱ्या, ‘घरी जायचंय’. चांगल्या केंद्रात अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लागतात, त्या वेळेला हातात काहीतरी काम दिलं जातं, माणसंही तेव्हा जास्त ठेवतात. तुमच्या घरी त्याच वेळी एक मुलगी, गॅसवर दूध आणि उघडं दार.

रात्रीचंही तेच. केंद्रात पाळ्या असतात. रात्रपाळीचं माणूस जागं राहतं, कारण ते दिवसा झोपलेलं असतं. तुमच्याकडे रात्री जो उठतो त्यालाच सकाळी कदंबाची बस पकडायची असते. केंद्रात फिरायची वाट अशी आखलेली असावी की चालत राहिलं तरी माणूस जागेवरच परत येतं. तिथे पाट नाही, विहीर नाही. संडासाचं दार वेगळ्या रंगाचं, वर चित्र, म्हणजे विचारावं लागत नाही. आणि ज्याकडे घरात कोणाचं सहसा लक्ष जात नाही ते हे: असं माणूस एकाएकी जास्त बरळायला लागलं तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा कुठेतरी दुखणं असू शकतं, आणि त्याला ते सांगता येत नाही. शिकलेली परिचारिका लघवी तपासायला पाठवते. घरी आपण ‘आज आई फारच करते’ म्हणतो.

आजार थांबणार नाही. तसं कोणी म्हणत असेल तर त्या केंद्राच्या दारातून परत फिरा. पहिले काही आठवडे आई जास्त गोंधळेल, रडेलही. पण हातांची जुनी सवय उशिरा जाते, म्हणून तिचे गजरे होतात. केंद्राला सांगा, चार वाजले की हिच्यापुढे जाईची परडी आणि दोरा ठेवा. ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ असं उत्तर आलं तर दुसरं केंद्र शोधा.

गोव्यातल्याच कुटुंबांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी जात, घरच्यांना समजावत, आधार देत. त्याने सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं दिसलं. सांभाळणारं माणूसही या आजारात मोजायचं असतं, हे इथल्या डॉक्टरांना केव्हापासून ठाऊक आहे. तुम्ही मोजलं नाहीत.

आता ताई. चवथीला आई छान वागली, यात नवल नाही. पाहुणे आले, घर भरलं की असे रुग्ण थोडा वेळ स्वतःला सावरून धरतात, आणि माणसं गेल्यावर घरच्यांना त्याचा हिशेब चुकवावा लागतो. ताईंना मी वाईट म्हणणार नाही, त्यांनी फक्त पातोळ्या खाणारी आई पाहिली. त्यांना बोलवा, पंधरा रात्री आईच्या खोलीत झोपू दे, मग मत ऐका. यायला जमत नसेल तर केंद्राच्या खर्चात अर्धा वाटा मागा, ते स्वस्त नाही. आणि आश्रम-आश्रम करू नका. पुष्कळ वृद्धाश्रम स्मृतिभ्रंश झालेल्यांना घेतच नाहीत. ही जागा वेगळी, काम वेगळं.

आईला घराबाहेर काढलं, हे तुमच्या मनाला खातंय ना? तुमची आई आज तुमच्याच पायरीवर बसून घरी जायचं म्हणते. तिला हवं असलेलं घर तुमच्या ताब्यात नाही, ताईंच्याही नाही. तिला जिथे कमी भीती वाटेल ती जागा देणं एवढंच तुमच्या हातात आहे.

तेव्हा ड्रॉवर उघडा. त्या केंद्रात एकदा संध्याकाळी साडेपाचला, न कळवता जा. किती माणसं कामावर आहेत, कोणाला खुर्चीला बांधलंय का, गुंगीत किती जण पडलेत, ते बघा. ठीक दिसलं तर कॉलेजचे प्रवेश सुरू व्हायच्या आत फॉर्मवर सही करा आणि मुलीच्या प्रवेशाच्या रांगेत तुम्ही स्वतः उभे राहा. रजा टाकून.

मग दर रविवारी आईला भेटायला तुम्ही जायचं. मुलीला वाटलं तर ती येईल, पाठवायची नाही.

तिला मला काही लिहावंसं वाटलं तर लिहू दे. ते पत्र तुम्ही वाचू नका.