रिपोर्ट नॉर्मल होता, मग डॉक्टर सुटले का?

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलाला संध्याकाळी सहाला बेंबीपाशी दुखू लागलं, दोन उलट्या झाल्या. जवळच्या खासगी हॉस्पिटलात रात्रभर ठेवून घेतलं. पांढऱ्या पेशी ९,८०० आल्या. 'गॅस आहे' म्हणत सकाळी घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटलं. दुसरीकडे ऑपरेशन, अकरा दिवस मुक्काम. पहिले डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल होता. पोलिसांत जाऊ का? दहा लाख मागायचे आहेत.

उत्तर : ताई, पोलिसांत जाऊन फारसं काही हाती लागणार नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलंय. तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोग.

तिथेही ९,८०० वर भांडू नका. पेशी वाढल्या नसल्या तरी अपेंडिक्स सुजलेलं असू शकतं, आणि वाढल्या म्हणजे अपेंडिक्सच, असंही नाही. अपेंडिक्सची शक्यता किती हे ठरवायला सर्जन मंडळी जो अल्व्हाराडो स्कोअर मांडतात, त्यात दहापैकी रक्ताला गुण फक्त तीन. बाकीचे सात तक्रारी, ताप आणि पोट दाबून पाहण्याचे. म्हणजे 'रिपोर्ट नॉर्मल' एवढ्यावर डॉक्टरही सुटत नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोत कोपऱ्यात बारीक अक्षरात नमुना घेतल्याची वेळ आहे : रात्री ८.५०. दुखणं सुरू होऊन तीन तासही झाले नव्हते, इतक्या लवकर पेशी वाढलेल्या नसूही शकतात. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. सकाळी सोडण्याआधी रक्त पुन्हा तपासलं का? उजव्या बाजूला खाली दाबून पाहिल्याची नोंद आहे का? सोनोग्राफी सुचवली का? 'दुखणं उजवीकडे सरकलं तर लगेच या' असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय का? हे सगळं असेल तर निदान चुकलं, एवढंच म्हणता येईल. चुकलेलं प्रत्येक निदान म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. नुसतं 'गॅस' आणि तीन गोळ्या असतील, तर केस उभी राहते.

म्हणून आधी कागद. मुलगा सज्ञान आहे, अर्जावर सही त्याचीच हवी. केसपेपर, नर्सिंग नोंदी, लॅबचे सगळे रिपोर्ट मागा आणि पोच घ्या. अर्ज केल्यापासून ७२ तासांत ते देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षं. आयोगाची फी तुम्ही मागता त्या रकमेवर नाही, पहिल्या हॉस्पिटलला दिलेल्या पैशांवर ठरते. पाच लाखांपर्यंत काहीच नाही.

दहा लाखांचं मात्र जरा आवरा. निदान वेळेवर झालं असतं तरी बहुधा ऑपरेशन करावंच लागलं असतं. भरपाई मिळेल ती फुटल्यामुळे वाढलेल्या खर्चाची आणि त्रासाची.

राहिलं दुसऱ्या सर्जनचं मत. ते एखाद्या डॉक्टरविरुद्ध लिहून द्यायला कचरतील, आग्रह धरू नका. पोट उघडल्यावर आत काय दिसलं, ती ऑपरेशन नोट तेवढी मागून घ्या.